श्रीनगर ते कन्याकुमारी नेलेली सायकल: 16 महिन्यांनंतर

नव्या सायकलीचं पहिल्या आठवड्यात लिहिलेलं कौतुक मी वाचत नाही, त्यामुळे स्वतःही लिहायची थांबले होते. जुलै 2023मध्ये घेतलेली ही सायकल आज, नोव्हेंबर 2024ला, 7,400 किलोमीटर चालली आहे. त्यातले 3,620 किलोमीटर एकाच प्रवासाचे. 25 ऑक्टोबर 2023ला श्रीनगरहून निघालो आणि 29 नोव्हेंबरला कन्याकुमारीला पोचलो. मी, माझे दीर आणि त्यांचा एक मित्र. पेठ तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी निधी गोळा करायचा होता, दर 100 किलोमीटरला एक सायकल या हिशेबाने. त्या 36 सायकलींबद्दलही शेवटी लिहिते, कारण खरी परीक्षा त्यांचीच चालू आहे.

आधी माझी. क्रोमोली स्टीलची टूरिंग सायकल, 700 मापाची चाकं, 38 मिलिमीटरचे टायर, 27 गिअर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. वजन साडेचौदा किलो, त्यावर 12 किलो सामान. आमच्या नाशिकला सायकलचं वेड आहे. 2015मध्ये महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर जास्तच. दुकानातल्या पोराने माझं वय बघूनही "काकू, कार्बन घ्या, पिसासारखी पळते" असा आग्रह धरला. मी पेशाने करसल्लागार, आग्रहाला बधत नाही. आणि स्टील घेतलं ते बरंच झालं, याचा दाखला पहिला पेडल मारायच्या आधीच मिळाला. सायकली पार्सलने जम्मूपर्यंत गेल्या आणि तिथून टेम्पोने वर. खोकं उघडलं तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या कानाला लटकतो तो कानच आत वाकलेला. गिअर टाकला की डिरेलर आऱ्यांना घासायचा. श्रीनगरमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पाना लावला, एक डोळा मिटून मागून बघितलं आणि हळूहळू तो सरळ केला. सात मिनिटं. आमच्या तिसऱ्या गड्याच्या ॲल्युमिनिअमच्या सायकलचाही तोच कान वाकला होता. सरळ करताना तो तुटला. त्याने जास्तीचा आणला होता म्हणून निभावलं, नाहीतर त्याची यात्रा दल लेकच्या काठीच संपली असती.

पांपोरला केशराची जांभळी फुलं ऐन बहरात होती, संगमला बॅटच्या विलोच्या फळ्यांच्या उंच उंच चळती. पण हे वापराचं लिखाण आहे, प्रवासवर्णन नाही, तेव्हा पुढे.

ब्रेक. ही या सायकलची पडती बाजू. काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा आम्ही सायकली टेम्पोत टाकून ओलांडला, पण पुढे चेनानी-नाशरी बोगद्याऐवजी जुन्या रस्त्याने बटोतमार्गे पटनीटॉपवर चढलो. दोन हजार मीटरवरून उधमपूरकडे उतरताना ब्रेक सतत दाबून धरले, आणि कुदच्या अलीकडे करपलेल्या प्लास्टिकसारखा वास यायला लागला. लिव्हर दांड्याला टेकत होता. थांबून तार ताणली, गरम पतीसा खाल्ला (कुदला थांबायला दुसरं कारण लागत नाही) आणि मग थोडं दाबायचं, थोडं सोडायचं असं करत उतरले. सायकलबरोबर आलेले रेझिनचे पॅड जम्मूतच संपले. जम्मू ते दिल्ली ज्या ज्या दुकानात विचारलं तिथे डिस्कचे पॅड नव्हते, रबरी ब्रेकचे गुटके मात्र हवे तेवढे. जवळ दोन जोड होते म्हणून अडलं नाही. मैदानी टूरिंगसाठी पुन्हा सायकल घ्यायची झाली तर मी रबरी गुटक्यांचे रिम ब्रेकच घेईन.

टायर. कंपनी पंक्चररोधक म्हणते. काटे आणि काचा यांना ते खरंच दाद देत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग 44वरचा शत्रू वेगळाच आहे. ट्रकचे टायर फुटतात आणि त्यांच्या आतल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमके आपण चालवतो तिथे, पसरतात. एकूण 11 पंक्चर झाली, त्यातली नऊ या तारांची. तार इतकी बारीक की बोट फिरवून लागत नाही. ट्यूब बदलावी, हवा भरावी आणि दहा किलोमीटरवर पुन्हा पिचकावी, असं मथुरेच्या अलीकडे लागोपाठ तीनदा झालं. तेव्हा दिरांनी औषधाच्या डबीतला कापूस काढला आणि टायरच्या आतून गोल फिरवला. एका जागी कापसाचा तंतू अडकून राहिला. तिथे भुवईच्या चिमट्याने ओढली तर अर्धा सेंटिमीटरची तार! त्या दिवसापासून चिमटा हँडलबॅगमध्ये, सगळ्यात वर.

हवेचं वेगळंच रामायण. ट्यूबला बारीक, शेंड्याला स्क्रू असलेला प्रेस्टा वॉल होता. सागरला पंक्चरवाल्याने त्याकडे असं बघितलं की जणू मी चुकीच्या दवाखान्यात आले आहे. मोटरसायकलचा नळा बसत नाही आणि साध्या सायकलचा पंपही नाही. पितळेचं छोटं ॲडॉप्टर घेऊन फिरले म्हणून चाललं, पण ते दोनदा धुळीत पडून हरवता हरवता राहिलं. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरवरून साडेआठ करून घेण्याचं आणि मोटरसायकलसारखे वॉल बसवण्याचं. गेल्या वर्षभरात कुठेही हवा भरते. ज्यांची रिम अरुंद आहे त्यांनी मात्र हा उद्योग करू नये.

दिवाळी नागपुरात, चुलतबहिणीकडे. तर्री पोहे, दोन दिवस विश्रांती. पाडव्याला निघालो, आणि भाऊबीजेच्या दिवशी पांढरकवड्याच्या पुढे 'टण्ण' झालं. मागच्या चाकाचा उजवीकडचा आरा तुटला. उजवीकडचा म्हणजे कॅसेटच्या (मागच्या दातऱ्यांच्या संचाच्या) मागचा, सगळ्यात गैरसोयीचा. चाकाला एवढा आउट (डगमग) आला की टायर फ्रेमला घासू लागला. शेजारचे दोन आरे ढिले केले, सामान दोघांत वाटलं आणि रखडत पैनगंगा ओलांडली. तेलंगणात तेव्हा निवडणूक. तपासणी नाक्यावर पोलिसांनी पॅनिअर (सायकलला लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या) उघडायला लावले आणि त्यात रोकड नाही, तेलकट चिंध्या निघाल्या तेव्हा चहा पाजला. आदिलाबादला एका झाडाखाली सायकलवाला मराठी बोलणारा निघाला. जास्तीचे आरे मी फ्रेमला टेपने चिकटवून आणले होते, पण कॅसेट धरून ठेवायचं हत्यार नव्हतं. त्याने जुनी चेन एका लोखंडी पट्टीला खिळ्याने ठोकली, ती दातऱ्यांवर गुंडाळली आणि कॅसेट सोडवली. हेच हत्यार तेव्हा दुकानात हजार-बाराशेला मिळायचं. आरा घातला, सायकल उलटी ठेवून खडूने आउट काढला आणि 60 रुपये मागितले. मी शंभराची नोट दिली तर 50 परत केले. म्हणे, ताई, भाऊबीज आहे. त्याने काढलेला आउट कन्याकुमारीपर्यंत टिकला. आजही ते चाक त्याच मापात आहे.

सीट. मूळ जेलची गादीवाली सीट 60 किलोमीटरनंतर छळायची, ती ऑगस्टमध्येच काढली. पुठ्ठ्यावर बसून, उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजलं आणि त्या रुंदीची चामड्याची सीट घेतली. पहिले 500 किलोमीटर ती दगड आहे. मग एका सकाळी लक्षात येतं की तिची आठवणच आली नाही. पावसाचं मात्र तिला वावडं. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस लागला, सेलम ते दिंडिगुल ती भिजली आणि मधोमध खचली. पुढचा नट ताणून घेतला, पण पूर्वीचा आकार काही आला नाही. हॉटेलात मिळणारी डोक्याची प्लास्टिक टोपी तिला चपखल बसते, हे ज्ञान मदुराईला झालं.

हाताबद्दल कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. झाशीनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर झाली. तळहातातली नस दबते. हँडल दोन सेंटिमीटर वर घेतलं, पण उशीर झाला होता. शर्टाची बटणं नीट लावता यायला जानेवारी उजाडला. तेव्हा हँडल आधी वर घ्या, दिसायला कितीही काकूछाप दिसो.

चेन 3,900 किलोमीटरला बदलली. बारा इंचांची पट्टी लावायची. पिनपासून पिनपर्यंतचं माप इंचाच्या सोळाव्या भागाने जास्त भरलं की चेन गेली. लोक ओढत राहतात आणि मग कॅसेटही बदलावी लागते.

आता पैशांचं, कारण निधीसाठी सायकल चालवणाऱ्यांना हेच सगळ्यात कमी माहीत असतं. एकही रुपया माझ्या खात्यात घेतला नाही, क्यूआर कोड थेट संस्थेचा. आमचा खर्च आमच्या खिशातून. लोक किलोमीटरमागे रुपये कबूल करतात तेव्हा उत्साहात असतात. कन्याकुमारीच्या फोटोला अंगठे सगळ्यांचे आले, पैसे यायला मार्च उजाडला आणि काही आलेच नाहीत. देणगीदार 80जीची सवलत, म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट, विचारत होते. त्यांना आधीच सांगायला हवं होतं की त्या वर्षीच्या नियमांनी नवी करप्रणाली घेणाऱ्यांना ती मिळत नव्हती आणि दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला चालत नव्हती. संस्थेने 31 मेपर्यंत फॉर्म 10बीई, म्हणजे देणगीचा दाखला, द्यायचा होता. मी जूनमध्ये अर्धा दिवस निव्वळ चुकलेले पॅन नंबर दुरुस्त करण्यात घालवला.

आणि त्या 36 सायकली. जून 2024मध्ये शाळा उघडताना दिल्या. मी हट्टाने साध्या काळ्या, बिनगिअरच्या, पुढे टोपली, मागे कॅरिअर अशा निवडल्या. संस्थेतल्या तरुणांना गिअरवाल्या हव्या होत्या, "मुलींना आवडतील" म्हणून. पाच महिन्यांचा हिशेब वसतिगृहाच्या बाईंनी वहीत ठेवला आहे. दोन पेडल तुटले, एक टोपली चेपली, एक सायकल ओढ्यात पडून चाक वाकलं, चेन उतरणं रोजचंच. सगळं गावातच दुरुस्त झालं. आठवीतली एक मुलगी आता पंक्चर काढते आणि मैत्रिणींकडून पाच रुपये घेते.

परवा बाईंचा फोन आला. वॉलमधली रबराची नळी संपली आहे, करंजाळीच्या दुकानातही नाही, पाठवता का म्हणाल्या. पन्नास नळ्या साध्या लिफाफ्यात मावल्या. आज पोस्टात टाकला.