जेनकिन्सवरचा क्लोन टाइमआऊट: पावसाळ्यापासून वापरून काय ठेवलं, काय काढून टाकलं

आमचं ऑफिस सांगलीत विश्रामबागला, काम साखर कारखान्यांच्या वजनकाट्याच्या नि ऊसबिलाच्या सॉफ्टवेअरचं. त्यामुळं दिवाळीच्या तोंडावर रोज बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं), हंगाम सुरू झाला की विचारूच नका. हे बिल्ड आपोआप करणारा सर्व्हर जेनकिन्स, ऑफिसमधल्याच एका जुन्या मशीनवर उबुंटू टाकून चालवलेला, आणि गिटचा रेपो, म्हणजे कोड नि त्याची सगळी जुनी हिस्ट्री ठेवायची जागा, बाहेर क्लाउडवर. सगळी गोम इथंच आहे. त्यात प्रत्येक कारखान्याची ब्रँच (कोडची वेगळी फांदी) वेगळी, जेनकिन्सचा जॉब मल्टिब्रँच असल्यानं नवी ब्रँच आली की नवा वर्कस्पेस (बिल्डचा फोल्डर), म्हणजे परत पहिल्यापासून पूर्ण क्लोन, अख्खा रेपो उतरवून घेणं. आणि हे क्लोन पूर्ण व्हायच्या आतच टाइमआऊट होऊन बिल्ड पडायचं.

पहिली गोष्ट, लॉग नीट वाचा. फेच कमांडच्या (रेपोतनं डेटा ओढणाऱ्या) शेवटी 'टाइमआऊट=१०' लिहिलेलं असतं, तिकडं कुणाचं लक्षच जात नाही. गिट प्लगइनची डिफॉल्ट मर्यादाच १० मिनिटांची आहे, तेवढी झाली की जेनकिन्स स्वतः गिटला मारतं आणि खाली स्टेटस कोड १४३ येतो. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, नि १५ हा सिगटर्मचा, म्हणजे 'बंद हो' या सिग्नलचा नंबर. म्हणजे डाउनलोड व्यवस्थित चालू असतंय, 'रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स ६३%' पर्यंत आलेलं असतंय आणि आपणच त्याचा गळा दाबतोय. कोड १२८ आला आणि बरोबर 'अर्ली ईओएफ' किंवा 'आरपीसी फेल्ड' असेल तर खरंच लाइन तुटलीय, तेव्हा नेटवाल्याला फोन करा. आमच्याकडं दोन्ही प्रकार यायचे, जुलैत लाइट गेली की राउटर बंद नि मग १२८, एरवी मात्र बहुतेक वेळा १४३च. तरी शिव्या सगळ्या नेटवाल्यालाच.

आता गणित बघा. आमचा रेपो दोन जीबीच्या वर. कोड त्यातला शंभर एमबी पण नसेल, बाकी सगळं कुणीतरी कधीकाळी ढकललेले डेटाबेसचे बॅकअप आणि रिपोर्ट टूलचे इन्स्टॉलर, नंतर डिलीट झालेत पण हिस्ट्रीत ठाण मांडून बसलेत. लाइन २० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला फार तर अडीच एमबी, १० मिनिटांत दीड जीबी, आणि तेही अख्खी लाइन एकट्या क्लोनला मिळाली तर. दुपारी सपोर्टची पोरं कारखान्यांच्या मशीनवर रिमोटनं बसलेली असतात, मग तर विषयच संपला. वर गिटचं क्लोन मध्येच तुटलं की तिथनं पुढं चालू होत नाही, परत शून्यापासून.

इंटरनेटवर जो तो पोस्टबफर वाढवायला सांगतो. ती सेटिंग एचटीटीपीवरनं पुश करताना डेटा पाठवायची आहे, क्लोनला तिचा काडीचा उपयोग नाही. सोडून द्या.

टाइमआऊट वाढवणं हा सरळ उपाय, 'ॲडव्हान्स्ड क्लोन बिहेविअर्स' मध्ये जाऊन ३० टाकायचे. चालतं. पण लोक जेनकिन्सफाइलमधल्या (बिल्डच्या पायऱ्या लिहायची फाइल) चेकआऊट स्टेपमध्ये, म्हणजे कोड आणायच्या पायरीत, ३० लिहितात आणि तरी १० लाच मार खातात, कारण डिक्लेरेटिव्ह पाइपलाइन (जेनकिन्सफाइल लिहायची एक पद्धत) त्याच्या आधी स्वतःचं एक चेकआऊट करते, ते जॉबच्या सेटिंगवर चालतं. एक तर जॉबमध्येच बदला, नाहीतर 'स्किप डिफॉल्ट चेकआऊट' लावा. आणि ३० केले तरी अर्धा तास एक एक्झिक्युटर (जेनकिन्सची बिल्ड चालवायची जागा) अडकून बसतो, पोरं ओरडतात नेट गेलं नेट गेलं म्हणून. मी याला दहातले चार मार्क देईन.

पुढचा उपाय शॅलो क्लोन, म्हणजे हिस्ट्री न आणता फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) आणायचा: डेप्थ १, टॅग (व्हर्जनच्या खुणा) बंद. पहिल्या दिवशी सगळे खूश, बिल्ड भुर्रकन. मग आमच्या स्लिप-बॉयच्या (शेतावर ऊसाची स्लिप देणारा माणूस) अँड्रॉइड ॲपची गंमत झाली. त्याचा व्हर्जन कोड कमिट मोजून काढतात आणि शॅलो क्लोनमध्ये कमिट असतो एकच, त्यामुळं व्हर्जन कोड आला १. आधीच्यापेक्षा छोटा नंबर प्ले स्टोअर घेतच नाही. टॅग नसल्यानं गिट डिस्क्राइब (टॅगवरनं व्हर्जनचं नाव काढणारी कमांड) पण बोंबललं. नुसतं कंपाइल करून टेस्ट चालवायच्या जॉबला शॅलो अजून ठेवलंय, रिलीजच्या जॉबवरनं काढलं.

खरं टिकलं ते रेफरन्स रेपो. बिल्ड मशीनवरच एकदा रात्री निवांत मिरर क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) करून ठेवला, क्रॉनमधनं (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) दर पंधरा मिनिटांनी फेच, आणि जॉबमध्ये 'रेफरन्स रेपो' च्या चौकटीत त्या फोल्डरचा पाथ दिला. आता नवा वर्कस्पेस जुने ऑब्जेक्ट (गिटनं साठवलेला डेटा) तिथनंच वापरतो, नेटवरनं फक्त नवं काय असेल तेवढं येतं. हे म्हणजे पिठाची गिरणी घरातच आल्यासारखं झालं. पूर्ण क्लोन मिनिटाच्या आत, डिस्कपण वाचते, कारण प्रत्येक ब्रँचला दोन-दोन जीबी लागत नाहीत.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पाथ त्या एजंटवर (बिल्ड चालवणारं मशीन) नसेल तर जेनकिन्स लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकून गप पुढं जातं नि पूर्ण क्लोन करतं, बिल्ड फेल होत नाही म्हणून कळतपण नाही. आणि मिररमधनं जुने ऑब्जेक्ट साफ होऊ देऊ नका, गिटच्या कॉन्फिगमध्ये प्रून एक्स्पायर 'नेव्हर' करा. वर्कस्पेस त्याच ऑब्जेक्टवर उभा असतो, ते गेले की तो करप्ट. कुणी डिस्क भरली म्हणून तो फोल्डरच उडवला तर सगळ्या जॉबचे वर्कस्पेस एका फटक्यात गेले समजा. आम्ही फोल्डरच्या नावातच 'हात लावू नये' घातलंय.

सबमोड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो) असतील तर त्यांचा टाइमआऊट आणि रेफरन्सचा पाथ वेगळ्या जागी असतो, 'सब-मोड्यूल बिहेविअर्स' मध्ये, वरचं सगळं करून तिथं १० राहिले तर परत तेच रडगाणं.

हिस्ट्रीतला कचरा फिल्टर-रेपो हे टूल वापरून काढता येतो हे माहितीये, पण त्यात सगळ्या कमिटचे हॅश (ओळखनंबर) बदलतात, सगळ्यांना नवीन क्लोन घ्यावं लागतं, उघड्या ब्रँच अडकतात. गाळप चालू असताना याला हात लावायचा नाही असं सरांनी स्पष्ट सांगितलंय, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर बघू म्हणालेत.