नवी चेन हिसके देतेय: कानस मारायची, चेन बदलायची की बार तपासायचा?

छोट्या चेनसॉला कोरी चेन लावली की पहिला काप अलगद जाईल, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा होतं उलटंच. चेन लाकूड कापण्याऐवजी ओरबाडते, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) थरथरतो, मशीन ओंडक्याकडे ओढलं जातं आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. यापेक्षा जुनी बोथट चेन परवडली, असं वाटायला लागतं. इथून तीन वाटा निघतात: तीच चेन कानशीने वळणावर आणणं, वेगळ्या जातीची चेन घेणं, किंवा दोष चेनचा नाहीच असं धरून बार आणि स्प्रॉकेट (चेनला फिरवणारं दातेरी चाक) तपासणं. या तिन्ही वाटांनी मी जाऊन आलोय. माझं मत आधीच सांगतो: सुरुवात तपासणीपासून करा, मग कानस हातात घ्या आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

आधी बार आणि स्प्रॉकेट

चेन आणि स्प्रॉकेट एकमेकांबरोबर झिजतात. जुनी चेन लांबलेली असते आणि स्प्रॉकेटवर तिच्याच मापाच्या खाचा पडलेल्या असतात. त्यावर अचूक मापाची नवी चेन चढवली की ती नीट बसत नाही, दर फेरीला अडखळत पुढे सरकते. खाचा अर्ध्या मिमीपेक्षा खोल गेल्या असतील तर स्प्रॉकेट बदलायलाच हवं. दोन चेन झिजल्या की एक स्प्रॉकेट, हा हिशेब सांभाळला तर सहसा अडचण येत नाही.

बारचं दुखणं जास्त फसवं असतं. एकदा मी नवी चेन आणली. पिच (कड्यांमधलं अंतर) बरोबर, लिंकांची म्हणजे कड्यांची संख्या बरोबर, मशीनवर बसलीही सहज. पण कापलेल्या तोंडावर नखांनी ओरखडल्यासारखे चरे उठायचे आणि काप एका बाजूला झुकायचा. दोन दिवस मी दातांवर कानस मारत राहिलो. शेवटी बारच्या मुळाशी कोरलेले आकडे वाचले, तेव्हा उलगडा झाला: चेन जिच्यात फिरते ती बारच्या कडेची खाच १.३ मिमीची आणि चेन १.१ मिमी गेजची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी म्हणजे गेज). फरक जेमतेम ०.२ मिमीचा, पण तेवढ्याने चेन खाचेत डोलत होती. उलट चूक झाली तर लगेच कळते, कारण जाड चेन अरुंद खाचेत शिरतच नाही. पातळ चेन मात्र गुपचूप बसते.

खाचेच्या कडा झिजल्या असतील तरी चेन अशीच डोलते. ते पाहायला पोलादी पट्टी बारच्या अंगाला आणि एका दाताच्या कुशीला टेकवून धरा. पट्टी आणि बार यांच्यात फट दिसली तर बार ठीक आहे. चेन कलून फट नाहीशी झाली तर खाच रुंदावली आहे, आणि त्या बारवर कुठलीच नवी चेन गुळगुळीत चालणार नाही. कडांवर नुसती धारदार कोर उठली असेल तर चपट्या कानशीने ती घासून काढा आणि बार उलटा करून लावा.

मग कानस

बार, स्प्रॉकेट, गेज सगळं जुळतंय आणि तरीही चेन हिसके देते, तर प्रश्न घासाचा आहे. प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दाताचा घास, म्हणजे त्याने एका वेळी किती लाकूड खायचं, हे तो ठरवतो. छोट्या मशीनवर बहुतेक वेळा ३/८ इंच पिचची लो प्रोफाइल (बुटक्या दातांची) चेन असते आणि तिचा रेकर दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असतो. ताकद बेताची असलेल्या इंजिनाला एवढा घास मऊ लाकडात सहज पचतो, पण सुक्या कठीण लाकडात, त्यातही कमी वेगात, घशात अडकतो.

बरेच जण इथेच चुकतात: चेन नीट कापत नाही म्हणून रेकर घासतात. त्याने घास आणखी मोठा होतो, हिसके वाढतात आणि किकबॅकचा, म्हणजे बार झटक्याने आपल्याकडे उसळण्याचा, धोकाही वाढतो. घासून गेलेला रेकर परत आणता येत नाही. कोऱ्या चेनच्या रेकरला अजिबात हात लावू नका.

दाताला मात्र लावा. दाताचा माथा मागच्या बाजूला किंचित उतरता असतो. कानशीने धार मागे सरकली की दाताची उंचीही कमी होते, रेकर आहे तिथेच राहतो आणि घास आपोआप लहान होतो. नवी चेन दोन-तीनदा धार लावल्यावर ‘निवते’, त्याचं कारण हेच. लो प्रोफाइल चेनला ४ मिमीची गोल कानस लागते. ती धरताना तिच्या जाडीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर राहू द्या. कानस खाली दाबली तर धारेला आकडी येते, आणि आकडी आली की दात लाकडाला हूकसारखा पकडतो. दाताच्या माथ्यावर मागे तिरकी रेघ असेल तर तोच कोन धरा. प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात द्या. आधी स्पार्क प्लगची टोपी काढा किंवा बॅटरी बाहेर घ्या, आणि हातमोजे घाला.

सगळ्या दातांना सारखेच हात का, तेही सांगतो. आजच्या चेनमध्ये डावा-उजवा असे दात आलटून पालटून असतात. जोसेफ बफर्ड कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी अळी बारकाईने पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून कुरतडत जाते, हे त्याला दिसलं आणि त्यावरून त्याने हा दात घडवला. एका बाजूचे दात आखूड झाले की काप सरळ जात नाही, वळतो.

चेन बदलायचीच असेल तर

फुल चिझेल चेनच्या दाताचा कोपरा टोकदार असतो. स्वच्छ, ओल्या लाकडात ती सगळ्यात वेगाने कापते, पण माती-वाळू लागली की कोपरा लगेच जातो, आणि छोट्या मशीनला तिचा तडाखा झेपत नाही. सेमी चिझेलचा कोपरा गोलसर असतो. तिला वेग थोडा कमी, पण ती मऊ चालते आणि मळक्या, सुक्या लाकडातही धार टिकवते. माझ्या छोट्या चेनसॉवर मी आता दुसरं काही लावत नाही. १.१ मिमी गेजची चेन काप अरुंद काढते, त्यामुळे कमी ताकदीच्या किंवा बॅटरीच्या मशीनला ती सोपी जाते. मात्र तिच्या मापाचा बारही घ्यावा लागतो.

किकबॅक कमी करणाऱ्या चेनमध्ये रेकरजवळ चढ असलेली जादा लिंक असते. ती चेन टोकाने भोसकून कापताना अडते, म्हणून काही जण तिला नावं ठेवतात. नुसत्या फांद्या आणि ओंडके कापणाऱ्याने त्यासाठी ती सोडू नये. हिसके तिच्यामुळे नसतात.

ज्यांचा काप झुकतो किंवा चऱ्यांचा येतो, त्यांनी बार पाहावा. काप सरळ येतो पण मशीन ओढलं जातं, त्यांनी कानस घ्यावी. दोन वेळा नीट धार लावूनही इंजिन गुदमरतं आणि चेन फुल चिझेल आहे, तर सेमी चिझेल आणा.

नवी चेन रात्रभर तेलात बुडवून ठेवा, पहिली काही मिनिटं हलक्या कामावर चालवा आणि थांबून ताण बघा. कोरी चेन सुरुवातीला सैल पडतेच, आणि सैल चेनही हिसके देते. गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर तेवढी पुन्हा ढिली करा, नाहीतर थंड होताना ती आक्रसून बार आणि क्रँकशाफ्टला ओढून धरते.