जुन्या म्युझिक प्लेअरमधली गाणी नव्यात नेली, सात महिन्यांनंतरचा अनुभव

नवीन प्लेअर घेऊन सात महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या. खरं तर हा रिव्ह्यू नव्या प्लेअरचा कमी आणि जुन्यातून गाणी बाहेर काढण्याचाच जास्त आहे, कारण नव्याच्या आवाजाबद्दल काही तक्रार नाही, आवाज मस्त आहे, विषय संपला.

जुना म्हणजे तो आत हार्डडिस्क असलेला डबा, सीडी सरकवली की रिप करून (म्हणजे गाणी आत उतरवून) ठेवून देणारा. दहा-अकरा वर्षांत साधारण ६२० सीडी त्याच्या पोटात गेल्या आणि सगळ्या वाव फॉरमॅटमध्ये (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारा), कारण सुरुवातीला सेटिंग करताना जिथे सगळ्यात भारी क्वालिटी लिहिलं होतं ते मी डोळे झाकून दाबलं होतं. क्वालिटी भारीच असते, सीडीवर जे आहे तेच, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. पण वावची खरी गोची तेव्हा मला माहीतच नव्हती. गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती वाव फाइलमध्ये लिहायची सोय आहे, पण प्रत्येक कंपनी ती आपापल्या पद्धतीने वापरते, नाहीतर वापरतच नाही. माझ्या डब्याने ती फाइलमध्ये लिहिलीच नव्हती, सगळं आतल्या डेटाबेसमध्ये. म्हणजे स्क्रीनवर इतकी वर्षं जी छान छान नावं दिसत होती ती गाण्यांना चिकटलेली नव्हतीच, डब्याला चिकटलेली होती.

हे कळलं कधी, तर यूएसबी डिस्क लावून मेनूतलं बॅकअप दाबलं तेव्हा. तीन तासांनी बघतो तर नुसते आकड्यांचे फोल्डर आणि त्यात आकड्यांच्याच फाइली. तो बॅकअप फक्त त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्यात परत भरायला. मग मॅन्युअल काढून वाचलं (हो, वाचलं) तेव्हा कळलं की एक्स्पोर्ट नावाचं वेगळं ऑप्शन आहे, मेनूत पार खाली, आणि तेही फक्त नेटवर्कवरून चालतं.

नेटवर्कवरून म्हटल्यावर पुढचा घोळ, कॉम्प्युटरला डबा दिसेचना. राउटर बदलून बघितला, केबल बदलली, अर्धा रविवार त्यात गेला. कारण निघालं भलतंच. असे जुने प्लेअर फोल्डर शेअर करायला एसएमबी नावाच्या नेटवर्क पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात, ती असुरक्षित म्हणून २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मुळात बंदच असते. विंडोज फीचर्समध्ये जाऊन तेवढ्यापुरती चालू केली, काम झाल्यावर आठवणीने बंद केली. तुम्ही केलीत तर बंद करायला विसरू नका. मग कॉपी सुरू झाली, सेकंदाला साडेतीन एमबी, आणि एकूण माल ३१० जीबी. पूर्ण एक दिवस एक रात्र चालली.

आणि तरी गाणी कमी भरली! एरर नाही, मेसेज नाही, सगळं झालं म्हणाला. मी सहज दोन्हीकडची संख्या मोजली म्हणून कळलं, ४३ गाणी गायब. डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की ज्यांच्या नावात प्रश्नचिन्ह होतं तीच नेमकी राहिलीत. जुन्या डब्याच्या आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, त्याला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला चालत नाही, कोलन आणि दुहेरी अवतरणचिन्हही नाही. आता आपल्याकडची अर्धी गाणी प्रश्नच विचारत असतात त्याला कोण काय करणार. डब्यावरच नावं बदलून ती परत काढली. तेव्हा मोजणी करा, प्रत्येक टप्प्याला करा, कॉपी कम्प्लीट या शब्दांवर विश्वास ठेवू नका.

एक्स्पोर्टमध्ये निदान गायक, अल्बम, ट्रॅक नंबर अशी फोल्डरची नावं नीट आली होती. मग सगळं फ्लॅक फॉरमॅटमध्ये बदललं. साइज ३१० ची १९० जीबी झाली, आवाजात काडीचाही फरक नाही, कारण फ्लॅक म्हणजे झिप केल्यासारखंच, उघडलं की होतं तसं. शिवाय आतल्या आवाजाची एमडीफाइव्ह खूण (आवाजावरून काढलेला आकडा, आवाज बदलला की जुळत नाही) फाइलमध्येच असते, त्यामुळे पुढे कधीही फाइल शाबूत आहे का ते तपासता येतं. मग एमपीथ्रीटॅग वापरून फाइलच्या नावावरून टॅग (फाइलमध्येच लिहिलेली नाव, गायक, अल्बम ही माहिती) भरले. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याने माझे निदान दोन महिने वाचवले. एक वेडेपणा मात्र केला, त्याच झटक्यात जुन्या एमपीथ्री पण फ्लॅक केल्या. जागा तिप्पट आणि फायदा शून्य, एमपीथ्री करताना एकदा गेलेला आवाज परत येत नसतो. त्या परत आहे तशा ठेवल्या.

मराठी टॅगचं वेगळं पुराण आहे. फ्लॅकमध्ये टॅग यूटीएफ-८ (सगळ्या लिपी चालणारी पद्धत) मध्येच असतात त्यामुळे तिथे त्रास नाही, पण जुन्या एमपीथ्रींचे आयडीथ्रीचे (एमपीथ्रीत टॅग लिहायची पद्धत) टॅग काहींचे नुसतीच प्रश्नचिन्हं, आणि पहिल्या आवृत्तीत तर नावाला ३० च अक्षरं, पुढचं कापून टाकतो. आणि सगळ्यात डोक्याला शॉट म्हणजे एकच अल्बम दोनदा दिसायला लागला. अक्षर न अक्षर सारखं, तरी दोन. दोन संध्याकाळी गेल्यावर सापडलं, नावात 'दुसऱ्या' होतं आणि त्यातला ऱ. तो एकाच कोडने लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन कोडने, दिसायला सेम, प्लेअरच्या लेखी वेगळे. एक सीडी मी टाइप केलेली, दुसरीचं नाव नेटवरून आलेलं. सगळ्या टॅगमध्ये शोधून एकसारखे केले.

आता नव्या प्लेअरबद्दल थोडं. स्कॅन फास्ट आहे, सगळं कलेक्शन वीस मिनिटांत वाचतो. लाइव्ह मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये जुन्यात जो खटका बसायचा तो आता नाही. अल्बम आर्टिस्ट टॅग (पूर्ण अल्बम कोणाच्या नावावर ते) रिकामा असेल तर मात्र तो वेगवेगळ्या गायकांच्या एका सीडीचे पंधरा तुकडे करतो, तो भरा म्हणजे भराच. मोठे कव्हर फोटो दाखवत नाही, ६०० पिक्सेलचे केल्यावर दिसायला लागले. मराठी नावं सगळी इंग्रजी झेडच्या नंतर लावतो आणि ळ घालतो ल च्या शेजारी, आपल्याला तो ह नंतर शोधायची सवय. ही काय तक्रार म्हणायची, पण रोज बोट तिथेच जातं. मोबाइल ॲपवर जोडाक्षरं नीट दिसतात, प्लेअरच्या स्वतःच्या छोट्या स्क्रीनवर तुटतात, तीन अपडेट आले तरी तसंच.

यावेळी एक शहाणपणा केला, मूळ कलेक्शन कॉम्प्युटरवर ठेवलंय, प्लेअरमध्ये त्याची कॉपी आणि एका बाहेरच्या डिस्कवर अजून एक. टॅग बदलायचे तर कॉम्प्युटरवरच, प्लेअरवर कधीच नाही.

स्टार रेटिंग मात्र गेले. कुठलं गाणं किती वेळा वाजलं तेही गेलं. प्लेलिस्ट एक्स्पोर्ट होतच नव्हत्या, म्हणून डबा बंद करायच्या आधी स्क्रीनचे मोबाइलने फोटो काढले आणि त्यावरून हाताने एम३यू८ (प्लेलिस्टच्या) फाइली बनवल्या, गाण्यांचे पाथ रिलेटिव्ह (प्लेलिस्ट फाइलच्या जागेपासूनचे) ठेवले म्हणजे पुढे फोल्डर हलवलं तरी चालतील. माझ्या सगळ्या झाल्या. आईची संध्याकाळची लिस्ट ११८ गाण्यांची, पानामागून पान फोटो काढताना दोन पानांच्या मधली एक ओळ सुटली बहुतेक. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, मधलं एक गेलं बघ." मी म्हटलं नाव सांग, लगेच घालतो. नाव तिला आठवत नाही, कोणत्या गाण्यानंतर लागायचं तेवढं आठवतं.