लाकडाचा स्टोव्ह, दुसरा हिवाळा : हवेची दांडी ऐकत नसेल तर

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या घरात आम्ही पोलादी स्टोव्ह बसवून घेतला. काचेचं दार, सहा इंची पाइप, आत कॅटॅलिस्ट (धूर जाळायला मदत करणारा लेप दिलेला जाळीदार भाग) नाही. दुसरा हिवाळा सरत आलाय. ऊब अप्रतिम! झोपताना लाकडं भरली की पहाटे निखारे मिळतात. त्रास दिला तो फक्त हवेच्या दांडीने, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

दाराखालची ही दांडी बाहेर ओढली की हवा वाढते, आत सारली की कमी होते. जानेवारीत ती पूर्ण आत सारूनही आग आवरेना, पाइपवरच्या थर्मामीटरचा काटा चढतच राहिला. विक्रेता म्हणाला, लाकूड फार कोरडं असेल. मला ते पटेना. बाकीची आग मंदावली होती, पण डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातला एकच ओंडका फुंकणीने फुंकल्यासारखा पांढराशुभ्र जळत होता. म्हणजे हवा तिथून शिरत होती.

स्टोव्ह गार झाल्यावर दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. चौकटीभर ती घट्ट बसत होती, त्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. दाराच्या कडेची काचतंतूची दोरी तिथे चपटी, कडक झाली होती. जुना गोंद खरवडून माहितीपुस्तकात दिलेल्या जाडीचीच नवी दोरी बसवली. जाड घेतली तर दाराची कडी लागत नाही, बारीक घेतली तर फट राहते. बसवताना दोरी ताणायची नाही, ताणली की ती बारीक होते. त्या दिवसापासून दांडी ऐकते.

तरीही दांडी बंद म्हणजे हवा बंद, असं नाही. स्टोव्हच्या आत वरच्या बाजूला असलेल्या भोकाभोकांच्या नळ्यांतून येणारी हवा धूर जाळण्यासाठी असते आणि माझ्या स्टोव्हमध्ये ती दांडीने बंद होत नाही. अमेरिकेत 2020 पासून नव्या स्टोव्हला प्रमाणित चाचणीत ताशी 2 ग्रॅमपेक्षा (नेहमीच्या ओंडक्यांवरची पर्यायी चाचणी असेल तर 2.5 ग्रॅमपेक्षा) जास्त धूलिकण सोडता येत नाहीत, कॅटॅलिस्ट नसलेल्या स्टोव्हमध्ये ते या जळणामुळेच साधतं. आग आवरत नाही म्हणून काहीजण ही भोकं बुजवायला सांगतात. कृपा करून तसं करू नका. न जळलेला धूर चिमणीत थंड होऊन डांबरासारखा क्रिओसोट साचतो आणि तोच पुढे पेट घेतो.

मार्च उजाडला तसं उलटंच सुरू झालं : दांडी पूर्ण उघडी, तरी आग धुमसतेय आणि दार उघडलं की धूर खोलीत. चिमणीच्या टोपीची जाळी काजळीने जवळजवळ बुजली होती. ती घासल्यावर बराच फरक पडला. उरलेला धूर स्वयंपाकघरातला पंखा चालू असतानाच यायचा. घर हवाबंद असलं की पंखा चिमणीतूनच हवा खाली ओढतो. स्टोव्हजवळची खिडकी बोटभर उघडून बघा, आग लगेच उजळली तर कारण हेच.

लाकूडही तपासाच. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मीटर टोचायचा, ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. आमच्याकडे 'वाळलेलं' म्हणून आलेलं ओक त्यात बसलं नाही. ओकला सहसा दोन उन्हाळे लागतात.

स्टोव्ह घ्या, असंच सांगेन. मात्र दारासाठी दोरीचं एक जास्तीचं वेटोळं आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवसापासून हवा.