पर्सेफोन नाही गं बाई! (विक्शनरी, साडेचार स्टार)

रिव्ह्यू इंग्लिश विक्शनरीचा आहे, पण मी तिथं कशी पोचले ते आधी सांगते, नाहीतर फुकटच्या डिक्शनरीला स्टार द्यायची वेळ का आली ते कळणार नाही.

मी पॉडफिक करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली फॅनफिक (आधीच्या गोष्टींतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेली नवी गोष्ट) त्यांना विचारून मोठ्यानं वाचते आणि रेकॉर्ड करते. स्टुडिओबिडिओ काही नाही, कपाट उघडायचं, आत गोधड्या, पुढ्यात फोन, आणि शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या मारायच्या आत उरकायचं. मैत्रिणीनं ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या राजाची आणि त्यानं पळवून नेलेल्या मुलीची एक लांबलचक रडकी फिक लिहिली, मराठीत, आणि नायिकेचं नाव टाइप केलं पर्सेफोन. मीपण तेच वाचलं, चाळीस मिनिटं, अगदी गळा दाटून. मावसबहिणीला ऐकवलं तर ती म्हणते, "ताई, हा कुठल्या कंपनीचा फोन?" झालं, त्यानंतर ती फिक आमच्यात कुणी सीरियसली ऐकूच शकलं नाही.

मग महिना २९९ भरून उच्चाराचं एक ॲप घेतलं, नाव नाही सांगत. त्यातली बाई मेलेल्यांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याला सरळ चारॉन म्हणाली. तीन डोक्यांच्या कुत्र्याला एकदा सर्बरस आणि एकदा केर्बेरोस, आणि दोन्ही का ते सांगायची सोयच नाही. केलं कॅन्सल.

विक्शनरीत काय करायचं, तर नाव इंग्लिशमध्ये टाकायचं, पान उघडलं की व्युत्पत्तीच्या भागात ग्रीक अक्षरांतला शब्द दिसतो, तो दाबायचा. खरा माल तिथं आहे. तिथं एक उच्चार नसतोच, ओळ असते ओळ! इ.स.पू. ५व्या शतकातलं अथेन्स, मग १ल्या शतकातला इजिप्त, ४थ्या शतकातली कोइनी (सगळीकडे चालणारी सामाईक ग्रीक), १०व्या शतकातलं बायझंटाइन, आणि शेवटी १५व्या शतकातलं कॉन्स्टँटिनोपल. आपला झ्यूस, ग्रीक देवांचा राजा, या ओळीत सुरुवातीला झ्देउससारखा आणि शेवटाला झेफ्स. मी दहा मिनिटं नुसती झेफ्स झेफ्स करत बसले होते. (हा झ्यूस आणि ऋग्वेदातला द्यौः एकाच मुळातले, हे कळलं तेव्हा तर आईला उठवून सांगितलं, ती म्हणाली झोप आता.)

इंग्लिशवाल्यांचा घोळ का होतो तेही इथंच उलगडलं. ग्रीक क लॅटिनमध्ये सी अक्षरानं लिहिला गेला, रोमन लोक त्याला ‘क’च म्हणायचे, पुढे ई आणि आय या अक्षरांच्या आधीचा सी मऊ होत होत इंग्लिशमध्ये स झाला. म्हणून जादूगारीण किर्केची सर्सी झाली आणि ऑर्फियसच्या बायकोची, एउरुदिकेची, युरिडिसी. दोन्ही चालतात, फक्त एकाच फिकमध्ये किर्के आणि युरिडिसी शेजारी बसवू नका, कानाला खडा लागतो.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. उच्चार आयपीएच्या (उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय लिपीच्या) खुणांत असतात, बघून आधी घाबरायला होतं, पण क च्या डोक्यावर बारकासा एच दिसला की तो आपला ख. तसाच थ, तसाच फ, आणि हा फ ओठ मिटून म्हणायचा, फणसातला, फॅनमधला नाही. जुन्या ग्रीकमध्ये क-ख-ग, त-थ-द, प-फ-ब असं नीट वेगळं होतं! इंग्लिश बोलणाऱ्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं आणि आपण ते बालवाडीत फळ्यावर गिरवलंय. नावाडी खारोन, ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस, त्याचा गुरू तो अर्धा घोडा खेइरोन, आणि पर्सेफोन म्हणजे पेर्सेफोने, शेवटचा ए लांब आणि जरा तोंड उघडून. इंग्लिश वळणानं म्हणायचं तर पर्सेफनी. पर्सेफोन कुठल्याच शतकात नाही.

आणि एका अक्षरानं माणसं बदलतात हो. मैत्रिणीच्या दुसऱ्या फिकमध्ये अकिलीसची आई टेथिस होती. अगं, टेथिस म्हणजे भूगोलातला तो समुद्र, ज्याच्या जागी हिमालय उभा राहिला, त्याला १८९३ मध्ये एदुआर्द झ्यूसनं (हा भूगर्भशास्त्रज्ञ, देव नाही) टायटन (झ्यूसच्या आधीच्या पिढीतले देव) बाईचं नाव दिलं. अकिलीसची आई थेतिस. थ आधी आणि त नंतर, एवढाच फरक. तसंच क्रोनोस हा झ्यूसचा बाप, पोरं गिळणारा, आणि ख्रोनोस म्हणजे काळ, टाइम. या दोघांची गल्लत प्राचीन काळापासून चालू आहे त्यामुळे तिथं मैत्रिणीला माफ केलं.

अर्धा स्टार कापला तो आवाजासाठी. जुन्या ग्रीकच्या बहुतेक पानांवर ऐकायचं बटणच नसतं, खुणा वाचून स्वतःच तोंड वाकडं करायचं. त्यात सूर वर कुठं चढवायचा त्याचीही खूण असते, कारण जुन्या ग्रीकमध्ये आघात सुराचा होता, वैदिक उदात्तासारखा, आणि ते मला अजून जमत नाही, मी वाचलं की शाळेतली प्रार्थना वाटते. बाकी कुरकुर देवनागरीबद्दल, ती विक्शनरीच्या गळ्यात नाही घालता येत: ग्रीकमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओ पण दोन, आपल्याकडे प्रत्येकी एकच मात्रा, आणि तो उ-इच्या मधला आवाज तर लिहायचा कसा देव जाणे. कामदेव एरोसची बायको प्सुखे, तिचं नाव तसं लिहिलं की वाचणारा अडखळतो, सायकी लिहिलं की डॉक्टरची आठवण येते.

शेवटी आम्ही दोघींनी ठरवलं की अकिलीस आणि झ्यूस सवयीचे म्हणून तसेच, बाकी सगळे ग्रीक वळणानं, आणि फिकच्या वरती टीपेत तसं लिहून टाकायचं. फक्त अकिलीसच्या जिवलगावर, पात्रोक्लोसवर, अडलंय. ग्रीकमध्ये जोर पहिल्या पा वर, इंग्लिशमध्ये बरेच जण तो मधे नेतात, पट्रोक्लस, आणि मैत्रिणीला तेच हवंय कारण तिनं ते नाव मनात तसंच हजार वेळा म्हटलंय. वाचणार मी आहे. रविवारी रेकॉर्डिंग आहे, गोधड्या उन्हात टाकल्यात.