हजार वॉटचा दिवा आणि शेवंतीच्या सात मुक्या कुंड्या

ऑक्टोबरात विजेचं बिल कमी आलं म्हणून मी खूश झालो होतो. फसलो आहे हे खरं तर तिथेच कळायला हवं होतं.

पुण्यात धायरीला आमचा चौथा मजला. समोर नवी इमारत उठली आणि गॅलरीतलं ऊन गेलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना देवीला घरचीच शेवंती वाहायची हा बायकोचा हट्ट, म्हणून गणपतीच्या आधी उरुळी कांचनच्या नर्सरीतून सात कुंड्या आणल्या होत्या. ऊन नाही तर दिवा लावू, अशी अक्कल मला सुचली. सोसायटीतल्या एकाने नंबर दिला. पेठेत एका जिन्याखाली गाळा, आत जांभळा उजेड आणि एक अतिशय गोड बोलणारा माणूस. "काका, हा १००० वॉटचा. १८ तास चालू ठेवा, दुप्पट फुलं घ्या." साडेनऊ हजार यूपीआयने दिले. पावती म्हणजे वहीतून फाडलेला कागद. त्यावर दुकानाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. मी मागितलाही नाही, कारण "बिल हवं तर १८ टक्के वर" हे वाक्य ऐकलं की आपल्या सगळ्यांची जीभ एकदम आखडते.

दिव्याबरोबर त्याने एक छापील तक्ता दिला. कोणत्या आठवड्यात किती तास दिवा, कधी शेंडा खुडायचा, फुलोऱ्याच्या सुरुवातीला खालची पानं कशी साफ करायची. मला वाटलं, काय अभ्यासू माणूस आहे!

महिना गेला. रोपं उंच, हिरवीगार, कळी एकही नाही. त्याला फोन केला, तर म्हणाला की पानं फार झाली आहेत, उजेड आत पोचत नाही, निम्मी काढून टाका आणि हे बूस्टर घाला. बाटलीचे १४०० रुपये. तिच्यावर नत्र, स्फुरद, पालाशाचा एक आकडाही नव्हता, नुसतं फुलाचं चित्र. तरी घातलं. पानंही काढली. ज्या पानांवर झाड जेवतं तीच मी कात्रीने उडवली, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दिवाळीला भाचा आला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला. दिवा हातात घेऊन म्हणाला, "मामा, १००० वॉटची चीज एवढी हलकी आणि एवढी गार?" आमच्या मीटरवर लिहिलेलं आहे की एका युनिटला लाल टिकली ३२०० वेळा लुकलुकते. त्याने घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा, फक्त दिवा ठेवला आणि दहा मिनिटं जिन्यात उभं राहून मोजलं. ५५ लुकलुकी. दिवा खरोखर १००० वॉटचा असता तर पाचशेच्या वर व्हायला हव्या होत्या. हिशेब आला जेमतेम १०३ वॉट. १८ तास जळून रोज १८ युनिट व्हायला हवी होती, होत होती दोनच्या आत. त्या बिलात लपलेली चोरी ती हीच. मला वाटलं एलईडी आहे, म्हणून वीज वाचते!

मेख साधी आहे. दिव्यात एलईडीचे शंभर मणी, प्रत्येक मणी '१० वॉटचा', म्हणून खोक्यावर १०००. पण त्या मण्याला वीज मिळते एका वॉटच्या आसपास. म्हणून दुकानात 'किती वॉटचा' असं विचारू नका, 'भिंतीतून किती वॉट खेचतो' असं विचारा. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मिळतं. विकणाऱ्याने तिथल्या तिथे त्यावर लावून दाखवलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.

पण दिवा दुबळा हे अर्धंच दुखणं. उरलेलं अर्धं नर्सरीवाल्याने सांगितलं, तेही कपाळाला हात लावून. शेवंतीला कळी येते ती रात्र लांबली की. आपल्याकडे जूनमध्ये दिवस तेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा. दिवस आखडतो तसा तिला फुलायचा निरोप मिळतो. मी रात्री अकरापर्यंत दिवा लावून तो निरोप रोज पुसत होतो. "साहेब, आमच्याकडे शेतकरी शेवंतीत रात्री बल्ब लावतात ते फुलणं पुढे ढकलायला." शेंडा खुडायचा तोही रोप लहान असताना, फुटवे यावेत म्हणून. कळी धरायच्या वेळी कात्री लावायची नाही.

मग तो तक्ता कुठला? भाच्याने दोन शब्द वाचले आणि हसत सुटला. तो गांजाचा होता. गांजाही लांब रात्रीलाच फुलतो. १८ तासांची ओळ झाड वाढवायची, फुलवायची नाही. विकणाऱ्याने परदेशी तक्त्यातलं झाडाचं नाव तेवढं खोडलं होतं आणि तोही नीट वाचला नव्हता. तेव्हा मला समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांचा प्रश्न आठवला, "रात्रभर जांभळं काय चमकतं हो तुमच्याकडे?" गांजाच्या लागवडीला एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बोलावून सातही कुंड्या दाखवल्या, चहा पाजला.

गाळ्यावर गेलो तर तिथे मोबाइलची कव्हरं विकत होते. नंबरावर मी ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला घेतली, त्यांनी बिल आणि दुकानाचं नाव विचारलं. माझ्याकडे वहीचा कागद. १०,९०० रुपये गेले.

दिवा मात्र फेकला नाही. सकाळी सात ते संध्याकाळी साडेपाच लावला आणि नंतर कुंड्यांवर काळं कापड टाकलं, कारण हॉलचा उजेडही गॅलरीत जातो. तीनेक आठवड्यांनी कळ्या दिसल्या, फुलं संक्रांतीनंतर आली, तीही बटणाएवढी. मार्गशीर्ष कधीच संपला होता. चारही गुरुवारी मार्केट यार्डातून शेवंती आणली. आता त्या दिव्याखाली कोथिंबीर आहे. बायको ती तिथे निवडायला बसत नाही, जांभळ्या उजेडात हिरवं पान काळं दिसतं म्हणते.