सर्टिफिकेट खरं होतं, पण आमच्या जर्सीचं नव्हतं

पैसे माझ्या एकटीचे गेले असते तर चार दिवस चिडचिड करून सोडून दिलं असतं. पण ४२ जणांचे गेले, आणि सगळ्यांनी ते माझ्या शब्दावर दिले होते, त्यामुळे काय झालं ते सगळं लिहून काढतेय. सायकलिंगचे कपडे "इको फ्रेंडली" म्हणून घ्यायचा विचार असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

आमचा ग्रुप चिंचवडचा. रविवारी सिंहगड पायथा, कधी बोपदेव घाट, आणि वर्षातनं एकदा आषाढीच्या आधी पंढरपूर. गेल्या वर्षी पंढरपूरसाठी नवीन जर्सी करायची ठरली. मीच म्हणलं की आपण वारीच्या वाटेवर प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करतो, झाडं लावायच्या गप्पा मारतो, मग जर्सी तरी नीट बघून घेऊया, रिसायकल पॉलिएस्टरची, ज्याच्या रंगात विषारी काही नाही अशी. सगळ्यांना पटलं. नेहमीची सब्लिमेशन प्रिंटवाली (उष्णतेने रंग छापलेली) जर्सी आम्हाला ७०० च्या आसपास पडते, ही १८५० ला होती. ४२ गुणिले १८५०, म्हणजे ७७,७००. आमच्यात एक काका आहेत, ६८ वर्षांचे, अजून जुना टेरिकॉटचा शर्ट घालूनच सायकल चालवतात, त्यांनी सगळ्यात आधी पैसे पाठवले आणि म्हणाले, "बाटल्यांची होणार असेल तर मला पण एक सांग गं."

विक्रेता इन्स्टाग्रामवर सापडला. पेज छान, जंगलाचे फोटो, "एक जर्सी म्हणजे १२ बाटल्या समुद्रात जाण्यापासून वाचल्या" वगैरे, आणि प्रत्येक पोस्टखाली कापडाच्या सर्टिफिकेटांचे तीन लोगो: जीआरएस, ओको-टेक्स, ब्लूसाइन. मी काही आंधळेपणाने पैसे पाठवले नाहीत, सर्टिफिकेट मागितली. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, वरचा भाग कापलेला. मी म्हणलं पूर्ण पीडीएफ द्या. तर दोन पीडीएफ आल्या आणि त्यावर नाव भलत्याच कंपनीचं. विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, ती आमची मदर कंपनी आहे, प्रॉडक्शन तिकडेच होतं." इथे मी थांबायला पाहिजे होतं. कागदावर शिक्का होता, नंबर होता, सही होती, मला वाटलं झालं काम. अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स, अर्धे माल निघायच्या आधी, आणि दोन्ही वेळा यूपीआय कुणाच्या तरी पर्सनल नावावर.

जर्सी आल्या मेच्या शेवटी. दिसायला झकास, भगवा रंग, कॉलरला हिरवा टॅग आणि त्यावर क्यूआर कोड. आम्ही पंढरपूरला गेलो. इंदापूरच्या पुढे ऊन वाढलं, सगळे घामाने भिजले, आणि संध्याकाळी काकांनी जर्सी काढली तर आतला पांढरा बनियन गळ्यापासून पोटापर्यंत नारिंगी. दोघीतिघींच्या मानेवर आणि काखेत पुरळ आलं, ते आठवड्याभरात गेलं, कुणाला फार त्रास झाला नाही. पण ज्या गोष्टीसाठी आम्ही दुपटीपेक्षा जास्त पैसे मोजले होते तीच गोष्ट नव्हती.

माझी मावसबहीण तिरुपूरला एका एक्सपोर्ट युनिटमध्ये मर्चंडायझर आहे. तिला दोन्ही पीडीएफ पाठवल्या. पाच मिनिटांत फोन आला, "ताई, सर्टिफिकेट खोटी नाहीयेत, पण ही तुझ्या जर्सीची नाहीत." आणि मग तिने जे समजावलं ते मला एप्रिलमध्ये, ऑर्डर द्यायच्या आधी, कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तिच्याच शब्दांत जमेल तसं सांगते.

पहिला कागद जीआरएसचा, म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड. हे स्टँडर्ड टेक्सटाइल एक्सचेंज नावाच्या संस्थेचं आहे. आमच्याकडे आलेलं होतं स्कोप सर्टिफिकेट, आणि ते एका सूत गिरणीचं होतं, आमच्या विक्रेत्याचं नाव त्यात कुठेच नाही. प्रॉडक्टच्या जागी फक्त सूत लिहिलेलं. म्हणजे त्या गिरणीला रिसायकल सूत बनवायची मान्यता आहे, एवढंच. ते सूत विणणारा, रंगवणारा, शिवणारा, यातलं कुणीच त्या कागदात नाही. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते हे की त्याच सर्टिफिकेटवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की हे सर्टिफिकेट म्हणजे विकलेला माल सर्टिफाइड असल्याचा पुरावा नाही, त्यासाठी ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं. धंद्यातले लोक त्याला टीसी म्हणतात. अमुक माल, अमुक किलो, ह्याच्याकडून त्याला गेला, असं त्यात असतं. पीडीएफ माझ्याकडे दोन महिने होती, ती ओळ मी वाचलीच नव्हती.

कागदाला एवढं महत्त्व का, हे पण तिनेच सांगितलं. रिसायकल पॉलिएस्टर आणि नवीन पॉलिएस्टर रसायन म्हणून एकच. हात लावून, जाळून, वास घेऊन फरक कळत नाही. त्यामुळे बाटलीपासून जर्सीपर्यंत कागदांची साखळी हाच काय तो आधार, आणि साखळीतली एक कडी गायब असेल तर पुढचं सगळं नुसतं बोलणं. मोठ्या पातळीवर पण हे होतं. २०२० मध्ये गॉट्सने, म्हणजे ऑरगॅनिक कापडाच्या जागतिक स्टँडर्डने, स्वतःच जाहीर केलं होतं की भारतात खोट्या टीसीवर सुमारे २०,००० टन कापूस ऑरगॅनिक म्हणून फिरवला गेला. तिथे तर खरेदीदार धंद्यातले मुरलेले लोक होते.

दुसरा कागद ओको-टेक्स स्टँडर्ड १००. याच्याबद्दल माझाच मोठा गैरसमज होता आणि मला वाटतं बऱ्याच जणांचा असेल. मी समजत होते की हे पर्यावरणाचं सर्टिफिकेट आहे. तसं नाहीये. कापडात अंगाला अपायकारक रसायनं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाहीत ना, याची ती तपासणी. कारखान्याचं सांडपाणी कुठे गेलं, धागा रिसायकल आहे का, याच्याशी या लेबलचा संबंध नाही. त्यात चार क्लास असतात, पहिला लहान बाळांच्या कपड्यांचा, दुसरा अंगाला लागणाऱ्या कपड्यांचा, म्हणजे जर्सी आणि बिबला (खांद्यावर पट्टे असलेली सायकलिंगची शॉर्ट) किमान दुसरा पाहिजे. सर्टिफिकेट एक वर्षच चालतं. आमच्यावाल्याची मुदत आम्ही ऑर्डर दिली त्याच्या आधीच संपलेली होती, आणि मालाच्या वर्णनात लिहिलेलं "विणलेलं कापड, न रंगवलेलं पांढरं". न रंगवलेलं! आणि आमच्या जर्सीचा रंग काकांच्या बनियनवर उतरला.

ब्लूसाइनचा तर कागदच नव्हता, नुसता लोगो. ती स्वित्झर्लंडची सिस्टीम, कारखान्यात कुठली रसायनं आत येतात, पाणी आणि वीज किती जाते, हे सुरुवातीपासून बघणारी. तिच्या पार्टनरची यादी वेबसाइटवर असते. आमचा विक्रेता त्यात नाही आणि ती सूत गिरणी पण नाही.

क्यूआर कोडचं सांगायचं राहिलं. तो स्कॅन केला की "व्हेरिफाइड" असं हिरव्या टिकसकट पान उघडायचं आणि आम्ही खूष. नंतर नीट पत्ता बघितला तर ते विक्रेत्याचंच पान. म्हणून कोड स्कॅन करून विश्वास ठेवू नका, ओको-टेक्सची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि त्यांच्या लेबल चेकमध्ये नंबर घाला. दोन मिनिटं लागतात आणि फुकट आहे. टेक्सटाइल एक्सचेंजच्या साइटवर पण सर्टिफाइड कंपन्या शोधता येतात. जीआरएसच्या टॅगवर सर्टिफाय करणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असावा लागतो, आमच्या टॅगवर नुसता लोगो होता. आणि जीएसटी नंबर पोर्टलवर टाका, सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे असतात. हा माणूस "तिरुपूरची फॅक्टरी" म्हणत होता, म्हणजे तामिळनाडूचे ३३ पाहिजेत, बिलावर निघाला २४, म्हणजे गुजरात. तिरुपूर आणि गुजरात दोन्हीकडे युनिट असू शकतं, मान्य, पण विचारलं तर त्याला उत्तर देता आलं नाही.

याच पेजवरनं आमच्यातल्या एकीने पावसाळी जॅकेट पण घेतलं होतं, "पीएफओए फ्री" म्हणून, म्हणजे पाणी न चिकटणाऱ्या कोटिंगमधलं ते एक अपायकारक रसायन नसलेलं. ते कदाचित खरंही असेल, पण पाणी न चिकटण्यासाठी जी कोटिंग करतात त्यात पीएफओए नसलं तरी त्याच फ्लोरिनच्या कुटुंबातलं दुसरं रसायन असू शकतं, सी-६ म्हणतात ते. ही रसायनं वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत. विचारायचं असेल तर "पीएफएएस फ्री आहे का" (म्हणजे या सगळ्या कुटुंबातलंच काही नाही ना) असं विचारा आणि लेखी घ्या.

पैशांचं काय झालं? आधी त्याने मला जर्सीमागे १०० रुपयांचं कूपन देऊ केलं, पुढच्या ऑर्डरवर. मग फोन उचलणं बंद. मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, ती त्याच्याकडे पाठवली गेली, उत्तर नाही. मग आमच्या ग्रुपमधल्या एका वकिलाने नोटीस काढून दिली, त्यात ऑक्टोबर २०२४ च्या ग्रीनवॉशिंगच्या मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख केला. "इको फ्रेंडली", "सस्टेनेबल" असे शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांनी २०,००० परत आले आणि आठवड्यात पेज गायब झालं. ते २०,००० मी सगळ्यांना सारखे वाटले, काकांनी घ्यायला नकार दिला, मी त्यांच्या खात्यावर टाकलेच.

उरलेल्या ५७,७०० साठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. ५ लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठलाही असो, हे मला आधी माहीत नव्हतं. दोन वर्षांच्या आत करावी लागते. तुम्हाला पण कुणी असं फसवलं असेल तर चॅट डिलीट करू नका, पेजचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण पेज गेलं की लोगो दाखवून विकलं होतं हे सिद्ध करणं अवघड होतं. आमचं नशीब की एका मैत्रिणीने जर्सी आवडली म्हणून त्या पोस्टचे फोटो नवऱ्याला पाठवले होते, तेच आता पुरावा म्हणून लावलेत.

यंदा पंढरपूरला आम्ही तीन वर्षांपूर्वीच्या जुन्या जर्सीच घालून जातोय, ज्या जर्सीच्या चेन (झिप) खराब झाल्यात त्या बदलून घेतल्या, प्रत्येकी ६० रुपये. ४२ वी जर्सी, जो मेंबर शेवटच्या क्षणी आलाच नाही त्याची, पिशवी न उघडता माझ्या कपाटात आहे, टॅगसकट. वकील म्हणालेत सुनावणी होईपर्यंत तिला हात लावू नका.